कालविपर्यास (नजीकच्या भूतकाळावरील कथात्म साहित्यात)

कथा ज्या काळात घडते त्या काळी अस्तित्वात नसलेली, किंवा तोवर नाहीशी झालेली, वस्तू, शब्दयोजना, प्रथा अथवा जाणीव त्या कथेत अवतरणे यास कालविपर्यास म्हणतात. शेक्सपिअरच्या ‘ज्यूलिअस सीझर’ नाटकात प्राचीन रोममध्ये वाजणारे टोल्यांचे घड्याळ हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. प्रस्तुत नोंद मात्र हयात माणसांना आठवणाऱ्या काळावरील कादंबऱ्या, चित्रपट आणि मालिका यांतील कालविपर्यासापुरती आहे.

हा काळ मागे कोठवर जातो याचा एक रूढ संकेत वॉल्टर स्कॉटपासून चालत आला आहे. १८१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वेव्हर्ली’ या कादंबरीच्या उपशीर्षकातच त्याने कथेतील घटना साठ वर्षांपूर्वीच्या असल्याचे सांगितले होते, आणि ऐतिहासिक कादंबरीसाठी त्याच्या नावाने दिल्या जाणाऱ्या पुरस्काराच्या नियमांतही कथानकाचा बहुतांश भाग किमान ६० वर्षांपूर्वीचा असावा अशी अट आहे. त्याहून अलीकडच्या काळावर लिहिताना लेखकाची सोय होते, तशीच पंचाईतही होते. वाचकांपैकी कितीतरी जण त्या काळाचे साक्षीदार असतात. आणि लेखक स्वतःही साक्षीदार असल्यामुळे तो पुष्कळदा पडताळणीच करत नाही. दूरच्या शतकावर लिहिणारा दफ्तरे धुंडाळतो, तर आपल्या तरुणपणावर लिहिणारा आठवणीवर विसंबतो. जुन्या घटना प्रत्यक्षात घडल्या त्याहून अलीकडे घडल्यासारख्या वाटणे हा स्मृतीचा दोष मानसशास्त्राला परिचित आहे, आणि या प्रकारच्या लेखनात त्याचा प्रत्यय वारंवार येतो.

वस्तूंचे कालविपर्यास सर्वांत चटकन पकडले जातात, म्हणून त्यांची चर्चाही सर्वाधिक होते. ‘बॅक टू द फ्यूचर’ (१९८५) या चित्रपटात नायक १९५५ सालच्या नृत्यसमारंभात जी गिब्सन गिटार वाजवतो, ते मॉडेल १९५८ पूर्वी बाजारात नव्हतेच. किराणा मालाच्या वेष्टनावरील बारकोड दुकानात प्रथम वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात. तेव्हा साठच्या दशकातील स्वयंपाकघरात कॅमेऱ्यासमोर ठेवलेला डबा त्या उभ्या रेघांमुळे उघडा पडतो. असे दोष नेपथ्यकाराने डबा फिरवून ठेवला तरी झाकता येतात. शोधाची तारीख आणि तो शोध अंगवळणी पडण्याची तारीख यांतील अंतर सांभाळणे त्याहून अवघड असते. मोबाइलवरील पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी पाठवला गेला, हे खरे. पण तेवढ्या आधारावर १९९३ मधील प्रेमिकांनी दिवसभर एकमेकांना संदेश धाडत राहावे, हे तारखेच्या दृष्टीने शक्य आणि अनुभवाच्या दृष्टीने खोटे ठरते. याच्या उलट टोकाला, खोलीतील प्रत्येक वस्तू कथेच्या नेमक्या त्याच वर्षातली असणे हाही दोषच आहे, कारण खऱ्या घरात आधीच्या दोन-तीन दशकांचे सामान नांदत असते.

कार्यपद्धतींमधील कालविपर्यास सहसा नजरेतून निसटतात, आणि प्रस्तुत विषयात तेच सर्वांत गंभीर म्हणावे लागतील. विमानतळावरील ताटातूट हा लेखकांचा आवडता प्रसंग. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांपूर्वी तिकीट नसलेल्या माणसालाही सुरक्षा तपासणी ओलांडून थेट विमानात चढण्याच्या दारापर्यंत निरोप द्यायला जाता येत असे. द्रवपदार्थ १०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटल्यांतूनच जवळ बाळगण्याचा नियम २००६ मधील आहे. आता १९९४ मध्ये घडणाऱ्या कथेत नायकाला तिकीट नाही म्हणून तपासणीपाशी अडवले, त्यामुळे नायिकेशी भेट हुकली आणि पुढची दहा वर्षे दोघे दुरावले, असे दाखवले, तर चूक तपशिलात न राहता कथानकाच्या कण्यातच शिरते. ती वाक्य बदलून दुरुस्त होत नाही.

संवादांत एखादा नवा शब्द घुसला तर संपादकाला तो सापडतो, परंतु वारंवारतेतील फरक कानाला जाणवत नाही. साठच्या दशकातील जाहिरात व्यवसायावरील ‘मॅड मेन’ ही मालिका वेशभूषा व नेपथ्य यांतील काटेकोरपणासाठी नावाजली गेली. तरी बेंजामिन श्मिट या संशोधकाने २०१२ मध्ये तिचे संवाद त्या काळच्या लेखनाशी संगणकाद्वारे ताडून पाहिले, तेव्हा पात्रे ‘नीड टू’ हा प्रयोग तत्कालीन इंग्रजीच्या मानाने फार जास्त आणि ‘ऑट टू’ फार कमी वापरतात असे दिसले. दोन्ही प्रयोग त्या काळी होतेच. बदलले होते ते त्यांचे प्रमाण.

मागाहून सुचलेले शहाणपण पात्रांच्या तोंडी घालणे हाही कालविपर्यासच होय. जानेवारी १९८९ मध्ये पूर्व जर्मनीचे नेते एरिक होनेकर यांनी, कारणे दूर झाली नाहीत तर बर्लिनची भिंत आणखी ५० आणि १०० वर्षांनीही उभी असेल, असे जाहीरपणे सांगितले होते. ती त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला खुली झाली. त्यामुळे त्या वर्षीच्या वसंतातच भिंतीचा अंत ओळखून बसलेले पात्र द्रष्टे न वाटता लेखकाचे हस्तक वाटते. काळ जितका अलीकडचा तितका हा मोह मोठा. ‘कोविड-१९’ हे नाव जागतिक आरोग्य संघटनेने ११ फेब्रुवारी २०२० रोजी जाहीर केले, म्हणून जानेवारी २०२० मध्ये ‘कोविड’ म्हणणारे पात्र कालविपर्यस्त ठरते, आणि तेव्हाच टाळेबंदीची तयारी करणारे पात्र त्याहूनही अधिक.

काही वेळा बरोबर असलेला तपशीलच वाचकाला चूक वाटतो. अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीने १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात एकमेकांना पाहत बोलण्याचा दूरध्वनी मांडला होता, आणि १९७० मध्ये पिट्सबर्गमध्ये त्याची व्यावसायिक सेवाही सुरू झाली, जी चालली नाही. १९७० च्या कथेत असा दूरध्वनी आणल्यास तो बहुतेकांना लेखकाची डुलकी वाटेल. अशा वेळी सावध लेखक तपशील गाळतो, किंवा त्या यंत्राचे नवल, त्याचा खर्च आणि पलीकडे ते कोणाकडेच नसण्याची अडचण पात्रांच्याच बोलण्यात आणून वाचकाची शंका आधीच फेडतो.