सांधा फार पक्का झाला म्हणून

२० जानेवारी १९७३ ची रात्र. बॉस्टनच्या कोप्ली चौकात वादळी वारा सुटला आणि अजून पुऱ्या न झालेल्या ६० मजली जॉन हॅनकॉक टॉवरच्या काचा फुटून खाली येऊ लागल्या. एकेक काच सव्वादोनशे किलोची! कुणाचा जीव गेला नाही, हे नशीबच. पुढे कितीतरी महिने फुटक्या काचांच्या जागी प्लायवूड ठोकलेलं होतं. वारा वाढला की पोलीस खालचे रस्ते बंद करत, आणि लोक टॉवरला 'प्लायवूड पॅलेस' म्हणून हिणवत.

पहिला संशय डोलण्यावर गेला. उंच इमारत वाऱ्यात डोलतेच, आणि ही तर पीळही खात होती. पण काचांचा गुन्हेगार निघाला बोटभरही रुंद नसलेला एक सांधा. प्रत्येक तावदानात दोन काचा आणि मध्ये हवेची पोकळी. कडेने शिशाची पट्टी, ती डाख देऊन काचेला पक्की चिकटवलेली. ऊन-थंडीने काच प्रसरण-आकुंचन पावते, वाऱ्याने थरथरते. अशा वेळी सांध्याने थोडं दबून घ्यायला हवं. हा तसूभरही हलेना. मग सगळा ताण काचेवर आला, कडेचा बारीकसा टवका निघाला आणि तिथूनच चीर धावली. जोडकाम कच्चं असतं, तर काचा कदाचित वाचल्या असत्या!

शेवटी सगळ्या, म्हणजे १०,३४४ काचा काढून एकेरी टफन्ड काच बसवली. १९७६ मध्ये टॉवर खुला झाला.

डोलण्याचा इलाज वेगळा. ५८व्या मजल्यावर दोन टोकांना शिसं भरलेल्या, ३०० टनांच्या दोन पेट्या तेलकट पोलादी पत्र्यावर ठेवल्या, स्प्रिंगांनी इमारतीला जोडल्या. इमारत सरकते, जडत्वामुळे पेटी मागे राहते आणि स्प्रिंग इमारतीला मागे ओढते. दोन टोकांना दोन असल्याने पीळही आवरतो.

खरा धक्का दिला तो स्विस अभियंता ब्रुनो थ्युर्लिमान यांच्या गणिताने. रुंद बाजूवर वारा जास्त, म्हणून धोका तिकडेच, असं कुणालाही वाटेल. गणित सांगत होतं की विशिष्ट वाऱ्यात टॉवर अरुंद कडेवर पडू शकतो, म्हणजे उभं ठेवलेलं पुस्तक पुठ्ठ्यावर न पडता कण्यावर पडावं तसं. झुकलेल्या इमारतीचं वजनच तिला आणखी झुकवतं, आणि लांबीच्या दिशेने सांगाडा त्यासाठी पुरेसा ताठ नव्हता. त्यासाठी सुमारे १,५०० टन पोलादाचे तिरके आधार आत घालावे लागले.