दाणा फिल्मचा की स्कॅनरचा?

"काय ओ, चारशेची फिल्म आहे, दाणे येणारच की!"

राजहंसगडावरचं आभाळ वाळू फेकल्यासारखं दिसतंय, आणि त्याचं कारण काय, तर आयएसओ ४०० ची वेगवान, म्हणजे कमी उजेडातही चालणारी फिल्म! खानापूरपासून निपाणीपर्यंत हौशी फोटोवाल्यांकडून हेच ऐकून माझे कान किटलेत.

फिल्मचा ग्रेन, म्हणजे चित्रात दिसणारा दाणा, तुम्हाला ठाऊकच आहे. चांदीचे कण, वेगवान फिल्मवर भरड, डेव्हलपिंग लांबलं की आणखी ठळक. ते सोडून देऊ.

घोळ स्कॅनिंगमध्ये होतो. २४०० डीपीआयला, म्हणजे इंचाला २४०० ठिपके घेतले तर, एक पिक्सेल फिल्मवरची साधारण १०.६ मायक्रॉन जागा व्यापतो. चांदीचा कण त्याहून कितीतरी बारीक. एका पिक्सेलच्या वाट्याला कणांची दाटी येते, शेजारच्याच्या वाट्याला मोकळी जागा. स्कॅनरची लेन्स पोचवते तेवढं बारीक जाळं पिक्सेलला झेपत नाही, आणि ते फिल्मवर नसलेल्या जाड दाण्याच्या रूपात उमटतं. हेच ग्रेन अलायझिंग. त्यात स्कॅनरचं शार्पनिंग आधीपासून चालू असेल तर रव्याचा साबुदाणा होतो. मी ते पहिल्यांदा बंद करतो, मग बाकीचं बघतो.

ओळखायचं कसं? निगेटिव्ह न हलवता दोनदा स्कॅन करा आणि एकावर एक ठेवून बघा. दोन्हींत वेगळी दिसते ती सेन्सरची खरखर. ती आभाळातच जास्त, कारण निगेटिव्हवर आभाळ सर्वांत काळं, उजेड जेमतेम पलीकडे पोचतो. मग पट्टी किंचित तिरकी ठेवून तिसरा स्कॅन घ्या. पुंजके जागच्या जागी राहिले तर फिल्मचे, नक्षी बदलली तर अलायझिंग.

स्कॅनरच्या उजेडाचंही तसंच: चांदी उजेड विखुरते, म्हणून एका दिशेच्या कडक उजेडात दाणा जास्त बोचरा दिसतो, पसरट उजेडात मऊ. मला पसरट आवडतो. आणि कृपा करून चांदीच्या, म्हणजे साध्या कृष्णधवल फिल्मवर इन्फ्रारेडने धूळ हुडकून पुसणारं स्कॅनरचं आयसीई लावू नका. चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे चित्रालाच ते धूळ समजतं. इल्फर्डच्या एक्सपी-टू या कृष्णधवल फिल्मवर खुशाल लावा, तिथे चांदी उरत नाही, रंगद्रव्य असतं.

राजहंसगडाची ती पट्टी मी ४००० डीपीआयला, शार्पनिंगशिवाय पुन्हा स्कॅन केली आणि मग आकार कमी केला. आभाळ निवळलं. आता तिथे एक लांब ओरखडा तेवढा दिसतो, तो मात्र फिल्मचाच.