शॉट : भावना आणि सामाजिक आशय

कॅमेऱ्याने सलग टिपलेल्या आणि पडद्यावर अखंड दिसणाऱ्या चित्रणाला शॉट म्हणतात. कॅमेऱ्याचे अंतर व कोन, प्रकाश, चौकटीतील मांडणी आणि शॉट किती वेळ टिकतो, यांवर त्याचा परिणाम ठरतो. क्लोज-अपने (जवळून घेतलेल्या शॉटने) भावना आणि लाँग शॉटने (लांबून घेतलेल्या शॉटने) परिसर दाखवायचा, ही प्रचलित विभागणी अपुरी आहे. रशियन दिग्दर्शक ल्येव्ह कुलेशॉव्ह यांनी १९२० च्या सुमारास नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाटीला, तर कधी शवपेटीला जोडून दाखवला, तेव्हा प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर भूक आणि दुःख दिसले; म्हणजे भावना शेजारच्या शॉटमधून आली.

सोलापूर जिल्ह्यात या विषयाची चर्चा करमाळा तालुक्यातील जेऊर येथे जन्मलेले दिग्दर्शक नागराज मंजुळे यांच्या चित्रपटांना वगळून करता येत नाही. ‘सैराट’ (२०१६) चा पूर्वार्ध करमाळा परिसरातील मोकळ्या, उजेडाच्या चौकटींतून उलगडतो. वेगवेगळ्या जातींतले प्रेमी जोडपे हैदराबादला पळून गेल्यावर त्याच्याभोवती वस्तीतल्या भिंती दाटतात, आणि प्रेमाची किंमत संवादांआधी जागेच्या आक्रसण्यातून जाणवू लागते. शेवटी या जोडप्याची हत्या घडताना दाखवलेलीच नाही. नायिकेच्या माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, चहा होतो आणि पुढे पडद्यावर आवाज नसताना रक्तात पडलेले जोडपे आणि रक्ताची पावले उमटवत जाणारे त्यांचे मूल दिसते.

‘फँड्री’ (२०१३) मध्ये याहून अवघड काम साधले आहे. पकडलेले डुक्कर काठीला टांगून जब्या या दलित शाळकरी मुलाच्या घरची माणसे शाळेच्या भिंतीसमोरून जातात; त्या भिंतीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले आदींची चित्रे रंगवलेली आहेत. एरवी भाषणांत आणि जयंतीच्या फलकांवर भेटणारी ही चित्रे आणि ओझ्याने वाकलेली माणसे एकाच चौकटीत आल्याने आश्वासन व वास्तव यांतील अंतर मोजायला वेगळा संवाद लागत नाही. हा शॉट इतक्यांदा उद्धृत झाला आहे की तो घोषणेसारखा वाटू लागण्याचा धोका आहे. चित्रपटात मात्र तो लांबलेल्या, दमछाक करणाऱ्या पाठलागानंतर येत असल्यामुळे घोषणा ठरत नाही. त्या पाठलागातच राष्ट्रगीत सुरू झाल्यावर माणसे जागच्या जागी उभी राहतात आणि डुक्कर निसटते. हा प्रसंग विनोदी आहे, आणि तितकाच बोचरा. अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर येतो, म्हणजे तोवर सुरक्षित अंतरावरून पाहणारा प्रेक्षकही हा पाठलाग बघून हसणाऱ्या गावकऱ्यांत गणला जातो.

या शॉटांच्या परिणामात चेहऱ्यांचाही वाटा आहे. केमचा सोमनाथ अवघडे (‘फँड्री’तील जब्या) आणि अकलूजची रिंकू राजगुरू (‘सैराट’ची नायिका) या जिल्ह्यातीलच मुलांना मंजुळे यांनी प्रथम पडद्यावर आणले. प्रेक्षकांच्या मनात त्यांची आधीची कोणतीही प्रतिमा नसल्याने त्यांच्या क्लोज-अपमध्ये नटाआधी पात्र दिसते.