डेटाचा हात आणि पिकार्डचे हृदय: अँड्रॉइड कोणाला म्हणावे, सायबॉर्ग कोणाला?

मे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी नागपुरात धरमपेठेतील एका मित्राच्या घरी, कूलरसमोर सतरंजी टाकून, आम्ही सात-आठ जणांनी 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेतील 'द मेझर ऑफ अ मॅन' हा भाग पुन्हा एकदा पाहिला. फेब्रुवारी १९८९ मध्ये प्रथम प्रसारित झालेला हा भाग माणसासारख्या दिसणाऱ्या यंत्राविषयी आहे आणि आमच्यापैकी बहुतेकांना तो जवळजवळ पाठ आहे. तरीही भाग संपल्यावर चर्चा दोन तास चालली, आणि त्यातला निम्मा वेळ एकाच घोळात गेला. डेटा या पात्राला कोणी रोबो म्हणत होते, कोणी अँड्रॉइड, तर दोघांनी अगदी ठामपणे सायबॉर्ग म्हटले. शब्द चुकला की प्रश्नही चुकतो, आणि त्या संध्याकाळी नेमके तेच झाले, म्हणून अँड्रॉइड आणि सायबॉर्ग हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहावेसे वाटले.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात अशी. डेटा हा स्टारफ्लीट या अंतराळदलातील अधिकारी आहे. दिसायला माणूस, परंतु संपूर्णपणे घडवलेला. मॅडॉक्स नावाच्या शास्त्रज्ञाला त्याचे सर्व भाग सुटे करून त्याच्यासारखे आणखी अनेक तयार करायचे असतात. डेटा नकार देऊन राजीनामा देतो, तेव्हा तो स्टारफ्लीटची मालमत्ता असून मालमत्तेला राजीनामा देता येत नाही, असा दावा केला जातो. प्रकरण सुनावणीला येते. कॅप्टन पिकार्ड डेटाची बाजू मांडतो, आणि नव्याने उभारलेल्या त्या तळावर दुसरे कोणी उपलब्ध नसल्यामुळे डेटाचाच मित्र रायकर याला त्याच्याविरुद्ध उभे राहावे लागते. रायकर न्यायासनासमोर डेटाचा हात काढून दाखवतो, पुढे त्याच्या शरीरावरची कळ दाबतो, आणि डेटा जागीच कोसळतो. ही कथा लिहिणाऱ्या मेलिंडा स्नॉडग्रास स्वतः पूर्वी वकिली करत होत्या, आणि ते प्रत्येक संवादात जाणवते.

हात निखळतो त्या क्षणावर आमच्यात दोन तट पडले. अभियांत्रिकीला असलेल्या एका मुलाचे म्हणणे असे की, ज्याचा हात असा काढता येतो आणि जो कळ दाबताच बंद पडतो ते यंत्रच, पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. त्यावर आमच्यातले सर्वांत वडील, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते शांतपणे म्हणाले, "माझ्या छातीत सहा वर्षांपासून पेसमेकर आहे. तो थांबला तर मीही असाच पडेन. मग मी कोण झालो रे?" खोलीत क्षणभर कोणीच बोलले नाही. नंतर तो मुलगा म्हणाला, "काका, तुमची गोष्ट वेगळी आहे." ती वेगळी आहे हे आम्हा सर्वांना पटत होते, पण का वेगळी आहे हे मात्र कोणालाच धड सांगता येईना.

शब्दांचे मूळ पाहिले तर वाट सापडते. अँड्रॉइड हा शब्द 'पुरुष, माणूस' या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला असून त्याचा अर्थ 'माणसासारखे' एवढाच आहे. आज तो ऐकताच आपल्याला आधी फोन आठवतो, पण तो फोनपेक्षा कितीतरी जुना आहे. सायबॉर्ग हा शब्द मात्र अलीकडचा आहे. तो १९६० साली मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या दोन संशोधकांनी अंतराळप्रवासावरील एका लेखासाठी घडवला. त्यांचा विचार असा होता की, परक्या वातावरणात माणसाभोवती पृथ्वीसारखी हवा वाहून नेण्यापेक्षा माणसाच्या शरीरालाच अशी यंत्रे जोडावीत, जी त्याच्या नकळत, आपोआप, शरीराचा तोल सांभाळतील. उदाहरण म्हणून त्यांनी एक उंदीर दाखवला होता, ज्याच्या कातडीखाली बसवलेला छोटा पंप ठरावीक वेगाने औषध सोडत असे. 'नकळत' आणि 'आपोआप' हे दोन शब्द इथे महत्त्वाचे आहेत, कारण पुढच्या साऱ्या लोकप्रिय वापरात तेच गळून पडले.

मराठीत हा घोळ आणखी वाढतो, आणि त्याचे कारण आपल्या व्याकरणात आहे. 'यंत्रमानव' हा एकच शब्द आपण सर्रास वापरतो. शाळेत शिकलेल्या समासांची आठवण करा. 'यंत्ररूपी मानव' असा विग्रह केला तर हाती लागतो अँड्रॉइड. 'यंत्र आणि मानव' असा केला तर सायबॉर्ग. शब्द तोच राहतो, विग्रह बदलतो, आणि बोलणाऱ्याच्या मनातला विग्रह ऐकणाऱ्याला दिसत नाही. त्या रविवारी दोन तट एकमेकांशी भांडत होते खरे, पण त्यांतले अर्धे भांडण न बोललेल्या विग्रहाचे होते. म्हणून या विषयावर लिहिताना यंत्रमानव हा शब्द सरसकट न वापरता दोन्ही परके शब्दच ठेवावेत, असे माझे मत झाले आहे.

चित्रपटांनी तर या शब्दांची जवळजवळ अदलाबदलच केली. १९८४ च्या 'द टर्मिनेटर' मधला मारेकरी हा धातूचा सांगाडा आहे, त्यावर जिवंत कातडी चढवलेली आहे, आणि चित्रपटात त्याला सायबॉर्ग म्हटले जाते. उलट १९८७ च्या 'रोबोकॉप' मधला नायक हा मरणासन्न झालेला पोलीस आहे, ज्याचा उरलेला देह यंत्रात बसवला गेला. म्हणजे तो खरा सायबॉर्ग, परंतु त्याच्या नावात रोबो आहे. ज्या पिढीने हे दोन्ही चित्रपट पाहिले तिच्या मनात 'मांस आणि धातू एकत्र दिसले की सायबॉर्ग' अशी खूणगाठ बसली. ही खूण फसवी आहे. रोबो हा शब्द जगाला देणाऱ्या कारेल चापेक यांच्या नाटकातले रोबो, जे १९२१ मध्ये प्राग येथे रंगमंचावर आले, ते धातूचे नव्हतेच. कारखान्यात तयार केलेल्या सजीवासारख्या द्रव्यापासून ते घडवले जात. तेव्हा शरीर कशाचे बनले आहे, यावरून निवाडा होत नाही.

निवाडा होतो तो सुरुवातीवरून. अँड्रॉइड यंत्र म्हणून सुरू होतो आणि माणसाच्या दिशेने चालत येतो. सायबॉर्ग माणूस, किंवा निदान सजीव, म्हणून सुरू होतो आणि यंत्राच्या दिशेने चालत जातो. वाटेत कुठेतरी दोघे इतके जवळ येतात की पाहणाऱ्याला फरक कळत नाही, पण एकाचा घडवणारा असतो आणि दुसऱ्याची आई असते.

ही कसोटी आमच्या डोक्यातून आलेली असली, तरी ती त्याच भागात एका प्रसंगात मांडलेली आहे, आणि आम्ही तो प्रसंग इतक्या वेळा पाहूनही त्याकडे नीट लक्ष दिले नव्हते. सुनावणीच्या आधी डेटा पिकार्डच्या खोलीत येतो आणि विचारतो की, ला फोर्ज या सहकाऱ्याचे डोळे कोणत्याही मानवी डोळ्यांपेक्षा श्रेष्ठ आहेत, हे खरे ना? ला फोर्ज जन्मांध आहे आणि मज्जासंस्थेशी जोडलेल्या एका पट्टीच्या साह्याने तो पाहतो. मग सर्व मानवी अधिकाऱ्यांना आपले डोळे काढून तसले यांत्रिक डोळे बसवण्याची सक्ती का केली जात नाही, असे डेटा विचारतो. पिकार्ड गप्प राहतो, आणि डेटाला उत्तर मिळते: सक्ती फक्त त्याच्यावरच होत आहे, कारण तो मानव नाही. दोन मिनिटांच्या या प्रसंगात अँड्रॉइड आणि सायबॉर्ग अगदी शेजारी उभे आहेत. ला फोर्जच्या यंत्राविषयी कोणी शंका घेत नाही, कारण त्याचा मालक कोण हे सर्वांना ठाऊक आहे. डेटाच्या बाबतीत मात्र त्याचा मालक तोच आहे की दुसरा कोणी, हाच खटला आहे. माझ्या मते संपूर्ण भागाचा गाभा न्यायासनासमोरच्या भाषणांत नसून इथे आहे.

याहून विलक्षण गोष्ट अशी की, डेटाचा बचाव करणारा पिकार्ड स्वतःच सायबॉर्ग आहे. त्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या एका भागात कळते की, तरुणपणी झालेल्या मारामारीत छातीत शस्त्र घुसल्यामुळे त्याचे हृदय गेले आणि त्याला कृत्रिम हृदय बसवावे लागले. म्हणजे रायकर जेव्हा डेटाचा हात काढून टेबलावर ठेवतो, तेव्हा समोर बसलेल्या बचावकर्त्याच्या छातीतही एक यंत्रच चालू असते. लेखकांनी हे आधीपासून योजले असेल असे मी म्हणणार नाही. पण हे ठाऊक झाल्यावर तो भाग पुन्हा पाहिला की हात निखळण्याच्या दृश्यातली सारी ताकद निघून जाते. सुटा होणारा अवयव हा माणूस नसल्याचा पुरावा असेल, तर पिकार्डचे हृदयही तसाच पुरावा ठरेल.

काकांच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच मिळते. शरीरात पूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर ऑक्टोबर १९५८ मध्ये स्वीडनमध्ये अर्न लार्सन यांना बसवला गेला. त्यांना आयुष्यभरात असे २६ पेसमेकर लागले आणि ते २००१ पर्यंत जगले. आजचा पेसमेकर हृदयाचे ठोके सतत ऐकतो, ठोका चुकला तरच विजेचा सूक्ष्म झटका देतो आणि एरवी शांत राहतो; ज्याच्या छातीत तो आहे त्याला यातले काहीच करावे लागत नाही. क्लाइन्स आणि क्लाइन यांची 'नकळत, आपोआप' ही अट तो तंतोतंत पुरी करतो. चष्मा ती पुरी करत नाही, कारण तो शरीराकडून काही ऐकत नाही. ऋग्वेदातील विश्पलेला अश्विनांनी दिलेला धातूचा पायही, काटेकोरपणे पाहिले तर, ती पुरी करत नाही. काका करतात. हे ऐकून ते प्रसन्न झाले, आणि घरी जाऊन काकूंना सांगतो म्हणाले.

आता प्रश्न चुकतो तो कसा, हे सांगतो. सायबॉर्गविषयी आपण विचारतो: याच्यातला माणूस अजून शिल्लक आहे का? अँड्रॉइडविषयी विचारायचे असते: याच्यात कोणी आले आहे का? त्या संध्याकाळी ज्यांनी डेटाला सायबॉर्ग म्हटले ते त्याच्यात हरवलेल्या भावना शोधत होते आणि त्या सापडत नाहीत म्हणून त्याला अपुरा ठरवत होते. परंतु डेटाने काही हरवलेलेच नाही. पिकार्ड तेच दाखवतो: सामान बांधताना डेटाने आपली पदके, कॅप्टनने भेट दिलेले पुस्तक आणि मृत सहकारिणीची प्रतिमा सोबत घेतलेली असते. जो शून्यातून निघाला त्याने एवढे जमवले, ही मिळकत आहे. हरवण्याची कथा याच मालिकेने वेगळी सांगितली: बोर्ग ही सायबॉर्ग जमात मे १९८९ मध्ये प्रथम दिसली आणि १९९० मध्ये तिने खुद्द पिकार्डला पकडून आपल्यात ओढले. तेव्हा प्रेक्षक हेच विचारत राहिले की, आत तो अजून आहे का. तिथे तोच प्रश्न योग्य होता.

आमच्यातली एक मैत्रीण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करते. तिने या साऱ्यात एक मोलाची दुरुस्ती सुचवली. कायद्याला व्यक्ती ठरवण्यासाठी भावना लागतच नाहीत, असे ती म्हणाली. आपल्याकडे देवस्थानातील देवतेला कायदा व्यक्ती मानतो, तिच्या नावाने जमीन असते, तिच्या वतीने दावा दाखल करता येतो, आणि कंपनीचेही तसेच आहे. भागातल्या न्यायाधिकारीही हेच करतात. डेटाला आत्मा आहे का, हे त्या ठरवत नाहीत, तसे स्पष्ट सांगतात. तो कोणाची मालमत्ता नाही आणि निवड करण्यास मोकळा आहे, एवढाच निकाल देतात. मॅडॉक्सने सांगितलेल्या तीन अटींपैकी, म्हणजे बुद्धी, स्वतःचे भान आणि चेतना यांपैकी, तिसरी शेवटपर्यंत उघडीच राहते.

सुरुवातीवरून निवाडा करणारी ही कसोटी कुठे अडते, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. १९९६ च्या 'फर्स्ट कॉन्टॅक्ट' या चित्रपटात बोर्गची राणी डेटाच्या देहावर जिवंत कातडी चढवते. तिथे कसोटी टिकते, कारण अँड्रॉइडला कातडी दिल्याने तो सायबॉर्ग होत नाही, तो कातडी असलेला अँड्रॉइडच राहतो. खरी अडचण २०२० मध्ये आली. 'स्टार ट्रेक: पिकार्ड' या मालिकेच्या पहिल्या पर्वाच्या शेवटी म्हातारा पिकार्ड मरतो आणि त्याचे मन एका संपूर्णपणे घडवलेल्या शरीरात उतरवले जाते. सुरुवात माणसाची, देह मात्र सगळा घडवलेला, आणि जुने म्हणावे असे मांस कणभरही नाही. अभियांत्रिकीच्या त्या मुलाने त्याला अँड्रॉइड म्हटले. मी सायबॉर्गच्या बाजूने होतो, कारण त्याला पाहताना मनात येणारा प्रश्न 'कोणी आले आहे का' हा नसून 'तो अजून आहे का' हाच असतो. वकील मैत्रिणीने आधी विचारले की त्याचे मृत्युपत्र अमलात आणायचे की नाही, आणि त्यावर रात्री साडेदहापर्यंत कोणालाही उत्तर देता आले नाही.