बुडणं नव्हे, कोरडं पडणं: सिस्टिक फायब्रोसिसच्या उपमा तपासताना

सिस्टिक फायब्रोसिस हा जनुकातल्या दोषामुळे होणारा, मुख्यतः फुप्फुसं आणि पचन बिघडवणारा आजार समजावून सांगताना दोन उपमा हमखास येतात. पहिली म्हणजे ‘नाक दाबा आणि स्ट्रॉमधून श्वास घेऊन बघा’. परदेशात जनजागृतीसाठी लोकांकडून हा प्रयोग खरोखर करूनही घेतात. दुसरी उपमा ‘आपल्याच कफात हळूहळू बुडणं’ ही. दोन्ही उपमा रुग्णांच्या तोंडूनही ऐकू येतात, आणि ज्याला भोगावं लागतं त्याने कोणत्या शब्दांत सांगावं हे इतरांनी ठरवू नये. पण उपमा तिथेच थांबत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात ती आजाराचं एक चित्र उभं करते आणि त्या चित्रावरून आईवडील, शिक्षक, प्रसंगी डॉक्टरसुद्धा निर्णय घेतात. म्हणून ते चित्र शरीरात प्रत्यक्ष घडतं त्याच्याशी ताडून पाहायला हवं. तसं पाहिलं तर ‘बुडणं’ ही उपमा साफ उलटी आहे. या आजारात श्वासनलिकांना पाणी कमी पडतं.

हे कसं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. या आजाराचं बहुतेक सगळं कोडं इथेच उलगडतं.

श्वासनलिकांच्या आतल्या बाजूवर द्रवाचा एक थर असतो. त्याची जाडी सुमारे ७ मायक्रोमीटर, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी. या थरात सिलिया नावाचे सूक्ष्म तंतू उभे असतात. त्यांची उंचीही जवळपास तेवढीच असते आणि ते सेकंदाला १० ते २० वेळा एकाच दिशेने फटकारे मारतात. त्यांच्या टोकांवर कफाचा पातळ पडदा असतो. श्वासाबरोबर आलेली धूळ आणि जंतू त्याला चिकटतात आणि सिलिया तो पडदा सतत घशाकडे सरकवत राहतात. घशापर्यंत आलेला कफ आपण दिवसभर नकळत गिळत असतो. निरोगी माणसाच्या कफात सुमारे ९८ टक्के पाणी असतं.

आता प्रश्न असा, की हा थर ७ मायक्रोमीटरच का राहतो? पाणी थेट उपसणारा पंप पेशींकडे नाही. पेशी मिठाचे आयन हलवतात आणि पाणी त्यांच्या मागे जातं. शाळेत शिकलेलं परासरण ते हेच. पेशीच्या आवरणात सीएफटीआर नावाचं प्रथिन बसलेलं असतं. १,४८० अमिनो आम्लांची ही साखळी अशी दुमडलेली असते, की तिच्यातून क्लोराइडला जायला वाट तयार होते. क्लोराइड बाहेर पडला की विद्युतभार जुळवण्यासाठी सोडियम त्याच्या मागे जातो आणि त्या मिठामागे पाणी. शेजारीच सोडियमला आत ओढणारी दुसरी वाट असते, तिच्यामुळे पाणी परत आत शोषलं जातं. बाहेर सोडणं आणि आत घेणं यांच्या तोलावर थराची जाडी टिकते.

सिस्टिक फायब्रोसिसमध्ये सीएफटीआरची वाट बंद असते किंवा मुळात तयारच झालेली नसते. सोडियम आत ओढणं मात्र चालूच राहतं. पाणी आत जातं, बाहेर येत नाही. कफातला घन भाग २ टक्क्यांवरून कित्येक पटींनी वाढतो. इतका दाट झालेला कफ स्वतःच पाणी शोषू लागतो आणि ते त्याला मिळतं खालच्या सिलियांच्या थरातून. मग कफ त्या तंतूंवर बसतो. खाचरातलं पाणी आटल्यावर भाताची रोपं चिखलात आडवी चिकटावीत तसे सिलिया दबून जातात. फटकारा मारायला जागाच उरत नाही.

क्लोराइडबरोबर बायकार्बोनेटही याच वाटेने जातं, आणि त्याचं काम वेगळं आहे. कफ ज्या म्युसिन प्रथिनांचा बनतो, ती पेशीत कॅल्शियमने आवळून घट्ट गुंडाळलेली असतात. बाहेर पडताना बायकार्बोनेट ते कॅल्शियम काढून घेतं आणि म्युसिन उलगडतं, पाणी पिऊन शेकडो पटींनी फुलतं. बायकार्बोनेट नसेल तर ते अर्धवट गुंडाळलेलंच राहतं. म्हणजे कफाला पाणी कमी आणि कफाची घडणही चुकीची, अशी दुहेरी अडचण होते. पुढे अडकलेल्या कफात स्टॅफिलोकॉकस, नंतर स्यूडोमोनास हे जीवाणू मुक्काम करतात. त्यांच्यावर धावून आलेल्या पांढऱ्या पेशी तिथेच मरतात आणि त्यांच्या पोटातले डीएनएचे लांब धागे कफात मिसळून तो आणखी चिकट होतो. ‘छातीत गोंद भरलाय’ असं रुग्ण म्हणतात. ती उपमा या टप्प्यावर अगदी बरोबर आहे, आणि त्या गोंदातला बराचसा चिकटपणा डीएनएचा असतो. म्हणूनच डीएनए तोडणारं डॉर्नेज अल्फा हे औषध (रोज २.५ मिलिग्रॅम, नेब्युलायझरने, म्हणजे औषधाचे सूक्ष्म तुषार करणाऱ्या यंत्राने) उपयोगी पडतं.

स्वादुपिंडात हेच घडतं. तिथल्या नलिका दाटलेल्या स्रावाने बुजतात आणि पाचकरस आतड्यात पोहोचत नाही. डॉ. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन केलं ते स्वादुपिंडातल्या गाठी आणि तंतुमय झालेल्या ऊतींवरूनच, आणि नावही तिथूनच आलं. बहुतेक रुग्णांना जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. त्यातले दाणे चावू नयेत, दुधात किंवा गरम वरणात मिसळून ठेवू नयेत. दाण्यांवरचं आवरण दुधात विरघळतं आणि मग जठरातलं आम्ल एन्झाइम निकामी करून टाकतं. कॅप्सूल वेळेवर देऊनही मुलाला तेलकट, दुर्गंधी शौच होत असेल, तर बरेचदा कारण हेच निघतं.

आता मीठ. घाम तयार होतो तेव्हा तो खारटच असतो. त्वचेकडे येताना नलिकेच्या भिंती त्यातलं मीठ परत शोषून घेतात. इथेही वाट सीएफटीआरचीच, फक्त क्लोराइडची दिशा उलटी, बाहेरून आत. वाट बंद असेल तर मीठ घामातच राहतं. एकाच प्रथिनाच्या बिघाडाने फुप्फुसात पाण्याची टंचाई आणि त्वचेवर मिठाचे पांढरे कण, ही गोष्ट शरीरशास्त्रातल्या सर्वांत सुंदर उलगड्यांपैकी एक आहे. या रुग्णांच्या घामाच्या नलिकेच्या भिंतीतून क्लोराइड जाऊच शकत नाही, हे १९८३ मध्ये दाखवलं शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल क्विंटन यांनी, आणि त्यांना स्वतःला हाच आजार होता. सीएफटीआर बनवणारं जनुक सापडलं त्यानंतर, १९८९ मध्ये, सातव्या गुणसूत्रावर.

युरोपात जुनी समजूत होती, की ज्या बाळाच्या कपाळाचा मुका खारट लागतो ते शापित असतं आणि लवकर मरतं. निरीक्षण खरं, कारण खोटं. आपल्याकडे असं अंगाला न लागणारं, सारखं खोकणारं मूल दिसलं की मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतात. ज्या बाळाच्या घामातून मीठ वाहून जातंय त्याच्यावरून मीठ ओवाळून चुलीत टाकायचं आणि निदानाचे महिने घालवायचे, हे थांबायलाच हवं. हिशेब साधा आहे. रुग्णाच्या घामात क्लोराइड लिटरला १०० मिलीमोलच्या आसपास असू शकतं, म्हणजे लिटरमागे जवळपास ६ ग्रॅम, चांगला चमचाभर मीठ. निरोगी माणसात ते लिटरला ३० मिलीमोलपेक्षा कमी असतं. १९४८ च्या न्यूयॉर्कमधल्या उन्हाच्या लाटेत अशी बाळं निर्जलीकरण होऊन रुग्णालयात आली आणि त्यातूनच डॉ. पाओलो दी सांत’आन्येझे यांना घामातल्या मिठाचा माग लागला. विदर्भ-मराठवाड्याचा मे महिना डोळ्यांपुढे आणला, की हा मुद्दा आपल्यासाठी किती महत्त्वाचा आहे ते कळतं. भारतात काही तान्ह्या बाळांत आजाराची पहिली खूण खोकला नसून उन्हाळ्यात रक्तातलं सोडियम, क्लोराइड आणि पोटॅशियम घसरणं ही असते. रुग्णांना ‘मीठ कमी खा’ हा सल्ला लागू नाही. त्यांना वरून मीठ द्यावं लागतं, वजनाप्रमाणे आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या मापाने.

पाण्याची टंचाई हेच मूळ असेल तर पाणी आणायचं कसं? ऑस्ट्रेलियात समुद्रावर सर्फिंग करणाऱ्या रुग्णांची फुप्फुसं तुलनेने बरी राहतात असं लक्षात आलं. त्यावरून खारट तुषार श्वासावाटे घेण्याचा विचार पुढे गेला आणि २००६ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ७ टक्के मिठाचं निर्जंतुक द्रावण, ४ मिलिलिटर, दिवसातून दोनदा. रक्ताशी मिळतंजुळतं सलाइन ०.९ टक्के असतं, त्यामुळे हे तीव्र द्रावण ऊतींमधलं पाणी परासरणाने श्वासनलिकेत ओढून घेतं. क्रम महत्त्वाचा: आधी सालब्युटामॉल (श्वासनलिका रुंद करणारं औषध), कारण तीव्र मिठाने नलिका आकुंचन पावू शकतात, मग द्रावण, मग छाती मोकळी करण्याचे व्यायाम आणि शेवटी श्वासावाटे घ्यायचं अँटिबायोटिक. अँटिबायोटिक आधी घेतलं तर ते कफाच्या वरच बसतं. डॉर्नेज अल्फा दुसऱ्या औषधात मिसळून चालत नाही. नेब्युलायझरचे भाग दर वेळी धुवून, पाच मिनिटं उकळून, पूर्ण कोरडे करून ठेवायचे, कारण ओल्या भांड्यात स्यूडोमोनास आनंदाने वाढतो. घरी मीठ विरघळवून हे द्रावण करू नये. खोकला दाबणारं सिरप तर देऊच नये. या आजारात खोकला हाच कफ बाहेर काढण्याचा मुख्य मार्ग उरलेला असतो.

स्ट्रॉच्या उपमेत खरेपणा आहे, तो आकुंचित नळीचा. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेचा विरोध १६ पट होतो. पण स्ट्रॉ ही एकच नळी. फुप्फुसात श्वासनलिकेला सुमारे २३ वेळा फाटे फुटतात आणि टोकाकडच्या, २ मिलिमीटरपेक्षा बारीक नलिका संख्येने इतक्या असतात, की त्यांचा एकूण विरोध संपूर्ण फुप्फुसाच्या विरोधाचा छोटासा भाग असतो. आजार सुरू होतो तो नेमका तिथे. त्यातल्या बऱ्याच बुजल्या तरी धाप लागत नाही आणि एफईव्ही-१ (जोरात सोडलेल्या श्वासाचा पहिल्या सेकंदातला भाग) जवळपास नॉर्मल येतो. शिवाय अडथळा जाणवतो तो मुख्यतः श्वास सोडताना. छातीतला दाब नाजूक नलिका मिटवतो आणि हवा आतच कोंडून राहते. स्ट्रॉचं चित्र मनात धरून बसलेले आईवडील मूल धापा टाकायची वाट पाहतात, ‘पळतोय ना, मग बरा आहे’ म्हणून सकाळचा व्यायाम टाळतात. धाप लागेपर्यंत नलिका कायमच्या सैलावून खराब झालेल्या असतात.

रुग्णांना लावला जाणारा ‘लढवय्या’ हा शब्द मला सर्वांत कमी पटतो. उपचारांना रोज दोन तासांच्या आसपास वेळ जातो. नेब्युलायझर, कफ काढणं, कॅप्सूल, भांडी उकळणं. ही न संपणारी देखभाल आहे. जनुकाच्या प्रकारावर किंवा एखाद्या जंतूवर अवलंबून असलेली घसरण ‘हरणं’ ठरली, तर दोष विनाकारण रुग्णाच्या माथी जातो. शिवाय एकाचे घातक जंतू दुसऱ्याला लागू नयेत म्हणून या रुग्णांना एकमेकांपासून २ मीटर दूर राहायला सांगतात. ज्यांना आपलं दुःख सर्वांत नीट कळेल त्यांच्याच शेजारी बसता येत नाही, हे एकटेपण ‘लढाई’ या शब्दात कुठेच येत नाही.

रुग्णांनी स्वतः घडवलेला एक शब्द मात्र विज्ञानाशी तंतोतंत जुळतो: ‘पर्ज’, म्हणजे सगळं बाहेर फेकलं जाणं. सर्वाधिक आढळणाऱ्या एफ-५०८-डेल या उत्परिवर्तनात (जनुकातल्या बदलात) सीएफटीआरच्या साखळीतलं ५०८ वं अमिनो आम्ल गळलेलं असतं. प्रथिन बनतं, पण नीट दुमडत नाही, आणि पेशी ते पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच मोडीत काढते. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या त्रिसंयोगी औषधातले एलेक्साकाफ्टर आणि टेझाकाफ्टर दुमडायला मदत करतात, तर आयव्हाकाफ्टर पृष्ठभागावर पोहोचलेली वाट उघडी ठेवतं. पहिल्या डोसनंतर काही तासांतच कफ पातळ होऊन भराभर सुटू लागल्याचं अनेकांनी सांगितलं आहे. चाचणीत घामातलं क्लोराइड लिटरला सुमारे ४० मिलीमोलने उतरलं आणि एफईव्ही-१ (अपेक्षित मूल्याच्या तुलनेत) सुमारे १४ टक्के-अंकांनी वाढला.

याला ‘चमत्कार’ म्हणणं मात्र चूक. खराब झालेल्या नलिका पूर्ववत होत नाहीत, गोळी रोज घ्यावी लागते, काही उत्परिवर्तनांत प्रथिनच बनत नसल्याने ती उपयोगी पडत नाही आणि अमेरिकेतली वार्षिक किंमत तीन लाख डॉलरच्या पुढे आहे. एफ-५०८-डेलचं प्रमाण भारतीय रुग्णांत युरोपीय वंशाच्या रुग्णांपेक्षा कमी आहे, हेही लक्षात घ्यावं लागतं. आणि हळदीबद्दल: २००४ मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात कर्क्युमिनने हा दोष सुधारल्याचं प्रसिद्ध झालं होतं. इतर प्रयोगशाळांना तो निष्कर्ष पुन्हा मिळाला नाही. हळदीचं दूध पाजून औषध बंद करणं धोक्याचं आहे.

हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे नाही, असं दीर्घकाळ मानलं गेलं आणि अशी मुलं क्षय, दमा किंवा कुपोषण या नावांखाली राहिली. दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, त्यामुळे मामे-आते भावंडांच्या लग्नांत धोका वाढतो. वारंवार न्यूमोनिया, तेलकट शौच, भूक असूनही न वाढणारं वजन आणि मुका घेताना लागणारी खारट चव, यांतलं काही एकत्र दिसलं तर ‘खारट लागतं’ ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी आणि घामाच्या तपासणीबद्दल विचारावं. हातावर पिलोकार्पिन या घाम आणणाऱ्या औषधाचं जेल लावून पाच मिनिटं सौम्य विद्युतप्रवाह देतात, मग अर्धा तास घाम गोळा करतात. क्लोराइड लिटरला ६० मिलीमोल किंवा जास्त आलं तर आजाराची शक्यता फार मोठी, ३० ते ५९ आलं तर पुढे जनुकतपासणी. बाळ दोन आठवड्यांपेक्षा मोठं आणि दोन किलोपेक्षा जड असावं. घाम कमी जमला तर आकडा ग्राह्य धरत नाहीत, नमुना उघडा राहून पाणी उडालं तर तो खोटाच जास्त येतो, आणि कुपोषण किंवा इसबामुळेही फसगत होते. म्हणून एका आकड्यावर न थांबता तपासणी दुसऱ्यांदा करून घ्यावी, तीही रोज अशा तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत.