आधी रेषा, मग रंग: फोटोग्राफीच्या वर्गातला क्रम आला कुठून?

फोटोग्राफी शिकायला आलेल्या विद्यार्थ्याच्या हातातला कॅमेरा आज रंगीतच असतो, खिशातला फोनही. तरी पुष्कळ ठिकाणी पहिली असाइनमेंट कृष्णधवल मिळते: जिने, खिडक्यांचे गज, भिंतीवरच्या सावल्या, विजेच्या तारा. आधी रेषा बघायला शिका, रंगाचं नंतर पाहू. हा क्रम इतका अंगवळणी पडलाय की तो कलेचाच नियम वाटावा. माझ्या मते त्यात कलेचा भाग थोडा आहे. रसायनं आणि पैसा यांचा वाटा त्याहून मोठा.

कॅमेऱ्याच्या मागे मुळात रेषेचाच हट्ट होता. १८३३ च्या ऑक्टोबरात इटलीतल्या कोमो सरोवराकाठी विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट हे इंग्रज गृहस्थ समोरचा देखावा कागदावर उतरवू पाहत होते. हाताशी कॅमेरा ल्युसिडा होता, म्हणजे लोलकातून कागदावर दिसणारं प्रतिबिंब फक्त पेन्सिलीने गिरवायचं. तेही जमेना. मग हे प्रतिबिंब आपोआपच कागदावर उमटलं तर, असा विचार त्यांनी धरला आणि १८३९ मध्ये आपली कृती जाहीर केली. रंगाचा प्रश्न तेव्हा कुणाला सोडवताच येण्यासारखा नव्हता.

आपल्याकडे हे शिक्षण फार लवकर आलं. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते, आणि नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढत. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग भरू लागला. त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी नंतर मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं ते १८५७ मध्ये, म्हणजे मुंबईत फोटोग्राफीचा वर्ग चित्रकलेच्या त्या प्रसिद्ध शाळेहून दोन वर्षांनी थोरला.

त्या काळच्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा रचनेत नव्हती, हाताच्या चपळाईत होती. १८५१ नंतर रूढ झालेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत डेव्हलप करायची. सगळा खेळ काही मिनिटांचा. शिवाय या काचेला फक्त निळा-जांभळा उजेड आणि त्यापलीकडचे अतिनील किरण जाणवत. निळं आकाश पांढरंफटक यायचं, तांबडी माती काळी आणि झाडं काळपट. रंग नुसता गाळला जायचा असं नाही, त्याची उजेड-अंधाराची किंमतही चुकीची लागायची.

याचा अर्थ नीट कळायला अजिंठ्याला जावं. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला १८४४ मध्ये तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं. त्याने पुढे कॅमेराही घेतला, पण त्याचे फोटो मुख्यतः लेण्यांचे दर्शनी भाग, खांब आणि शिल्पं यांचे आहेत. चित्रांसाठी कुंचलाच लागला. एक तर आत अंधार, आणि दुसरं म्हणजे अजिंठ्याचे रंग: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना आणि कुठे कुठे लाजवर्दी निळा. कोलोडियनला यातला निळा पांढरा दिसला असता. गेरूची बाह्यरेषा आणि तिच्या आतली तांबूस काया मात्र एकाच काळोखात बुडाली असती. जिथे रेषाच रंगाने काढलेली असते तिथे रंग चुकला की रेषाही जाते. गिलच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग १८७२ ते १८८५ या काळात जे. जे. चे जॉन ग्रिफिथ्स पेस्तनजी बोमनजींसारख्या आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा अजिंठ्यात उतरले. फोटोग्राफी हाताशी असताना मुंबईचे विद्यार्थी तेरा वर्षं रंग हाताने उतरवत होते. त्या नकलांपैकीही बऱ्याच पुढे लंडनच्याच आणखी एका आगीत गेल्या.

रंगाचं तत्त्व दरम्यान सापडलं होतं. १८६१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी लंडनमध्ये एका रंगीत फितीचे लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून (म्हणजे फिल्टरांतून) घेतलेले फोटो पडद्यावर एकावर एक पाडून दाखवले. गंमत म्हणजे त्या काचेला लाल दिसतच नव्हता. प्रयोग साधला तो लाल कापडावरून परावर्तित झालेल्या अतिनील किरणांच्या कृपेने, आणि हे उमगायला शंभर वर्षं लागली. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन रसायनतज्ज्ञाला दिसलं की प्लेटमध्ये योग्य रंगद्रव्य मिसळलं तर तिला हिरवाही दिसू लागतो. तिथून वाट मोकळी झाली.

आपल्या शाळेतली मुलं आजही इथेच अडखळतात. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या मुलाला लाल, पिवळा, निळा हे प्राथमिक रंग आणि त्यांचं रंगचक्र पाठ असतं. कॅमेरा शिकवणारे सर सांगतात लाल, हिरवा, निळा. छापखान्यात गेलं तर पिवळा, मॅजेंटा, सायन. तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत: पहिलं चित्रकारांच्या जुन्या अनुभवातून आलेलं, दुसरं उजेडाच्या बेरजेचं, तिसरं शाईने उजेड खाऊन टाकण्याचं. पण हे तीन वेगवेगळे वारसे आहेत एवढं एक वाक्य कुणी सांगत नाही, आणि पोरगं बिचारं आपलंच काही चुकतंय असं समजून गप्प बसतं.

हे तिन्ही वारसे एका माणसाच्या शिक्षणात एकत्र आलेले पाहायचे तर दादासाहेब फाळके. १८८५ मध्ये जे. जे. त चित्रकला, मग बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी, रतलामला तिरंगी ब्लॉक करण्याचं काम, गोध्र्याला स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छपाईचा धंदा आणि १९०९ च्या सुमारास त्यासाठीच जर्मनीची वारी. तिरंगी ब्लॉक म्हणजे काय? एकाच चित्राचे तीन गाळण्यांतून तीन निगेटिव्ह घ्यायचे, प्रत्येकाला जाळीतून ठिपक्यांत फोडायचं, धातूच्या तीन पट्ट्यांवर उतरवायचं आणि तीन शायांत एकावर एक छापायचं. जाळीचा कोन दरवेळी बदलायचा, नाहीतर ठिपक्यांची नको ती नक्षी उमटते. आणि रजिस्टर, म्हणजे तिन्ही छापांची एकमेकांवरची जुळणी, केसभर हललं की देवीच्या ओठांना निळी झालर येते. म्हणजे रंग जाग्यावर बसला तरच रेषा धड. कॉलेजातल्या वर्गांच्या कितीतरी आधी हा धडा छापखान्यात रोज गिरवला जात होता. रंगीत फोटोग्राफीचा इतिहास सांगताना आपण ब्लॉकमेकरांना विसरतो, हा मला अन्याय वाटतो.

फोटोग्राफरच्या हाती मात्र रंग हळूहळूच आला. ल्युमिएर बंधूंच्या १९०७ च्या ऑटोक्रोम प्लेटवर रंगवलेल्या बटाट्याच्या स्टार्चचे कण होते. १९३५ मध्ये कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म निघाली. त्याच सुमारास रेषेचं शिक्षण पक्कं होत होतं. फोटोग्राफी क्लबांच्या सलोनमध्ये, म्हणजे प्रदर्शनांत, रूल ऑफ थर्ड्स (चौकटीचे तीन-तीन भाग पाडून त्या रेषांवर विषय ठेवणं) आणि एस-कर्व्ह (इंग्रजी S सारखी नागमोडी रेषा) यांची चलती होती. दोन्ही गोष्टी फोटोग्राफीच्या नव्हत्याच. पहिली जॉन थॉमस स्मिथने १७९७ मध्ये निसर्गचित्रकारांसाठी मांडलेली, दुसरी होगार्थने १७५३ मध्ये. जर्मनीत बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेत तिथले शिक्षक मोहोली-नॉज उंच बाल्कन्यांतून खाली कॅमेरा रोखत होते. १९२९ मध्ये तिथे वाल्टर पेटरहान्स यांच्या हाताखाली फोटोग्राफीचा स्वतंत्र वर्ग निघाला, आणि १९३७ पासून हे वळण शिकागोला गेलं. त्या वर्गांतलं प्राथमिक शिक्षण रेषा, पोत, उजेड यांवर उभं होतं, आणि जगभरच्या डिझाइन शाळांनी तोच साचा उचलला. आपल्याकडे जे. जे. मध्ये १९३५ मध्ये कमर्शियल आर्टचा विभाग निघाला, १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन.

वर्गात रंग न येण्याचं खरं कारण डार्करूममध्ये होतं. कृष्णधवल छपाईचा कागद लाल उजेडाला आंधळा असतो, अगदी कोलोडियनसारखा. म्हणून लाल दिव्याखाली सरांना दाखवता येतं आणि मुलांना बघता येतं. डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, वीस अंशांचा लागतो, उन्हाळ्यात ट्रेखाली बर्फ ठेवला की भागतं. रंगीत निगेटिव्हच्या १९७२ पासूनच्या सी-४१ पद्धतीत मात्र डेव्हलपर ३७.८ अंशांवर धरावा लागतो, जरा हलला की रंग बिघडतो. रंगीत कागदाला जवळजवळ पूर्ण अंधार हवा. तीस मुलांच्या वर्गाला हे कसं परवडणार? शिवाय ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ कृष्णधवल फिल्म देशी होती. मग ‘कृष्णधवल म्हणजे कला, रंगीत म्हणजे लग्नाचा अल्बम’ ही समजूत रुजायला वेळ लागला नाही.

पाश्चात्त्य कलाजगतातही हीच अढी होती. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने विल्यम एगल्स्टनचे रंगीत फोटो मांडले तेव्हा समीक्षकांनी झोडपून काढलं. जयपूरचे रघुबीर सिंह तर त्याच्या आधीपासून रंगातच काम करत होते. भारत रंगाशिवाय दिसूच शकत नाही, ही त्यांची ठाम भूमिका होती. त्यांच्या गर्दीच्या चौकटींत मोटारीचं दार किंवा आरसा चित्राचे तुकडे पाडतो आणि त्या तुकड्यांना एखादा लाल-पिवळा बांधून ठेवतो. रेषा आणि रंग एकदम कसे शिकवावेत यासाठी याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

त्याच १९७६ साली कोडॅकच्या ब्राइस बायर यांना एका जाळीचं पेटंट मिळालं. डिजिटल सेन्सरला स्वतःला रंग कळत नाही, फक्त उजेड किती ते कळतं. म्हणून त्याच्या प्रत्येक ठिपक्यावर एक गाळणी बसवतात: निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. उरलेले रंग शेजारच्या ठिपक्यांवरून हिशेबाने काढतात. मॅक्सवेल यांच्याच तीन गाळण्या, फक्त एका नखाएवढ्या जागेत. त्यामुळे आज विद्यार्थी कॅमेरा मोनोक्रोमवर (कृष्णधवलवर) ठेवून रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, घेतो तेव्हा पडद्यावर कृष्णधवल दिसतं, पण फाइलमध्ये रंग शाबूत असतो. रेषेसाठी फोटो काढा आणि त्याच फाइलवर संगणकावर रंगाचा अभ्यास करा, अशी असाइनमेंट आता फुकटात देता येते.