पेट स्कॅनमधला आकडा म्हणजे आयुष्याचा हिशेब नव्हे

फोंडा असो वा पेडणे, घरात फुप्फुसाच्या कॅन्सरचा रुग्ण असला की पेट स्कॅनच्या (शरीरात कॅन्सर कुठे आहे ते दाखवणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टमधला ‘एसयूव्ही’ हा आकडा आधी वाचला जातो. ‘बारा आलाय? मग आता काही खरं नाही,’ असं शेजारीपाजारी सांगून मोकळे होतात. हा समज साफ चुकीचा आहे, आणि तो ऐकून कुणी उपचारच सोडले तर घात होतो.

स्कॅनआधी शिरेतून किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेलं ग्लुकोज देतात. ज्या पेशी साखर जास्त ओढतात, तो भाग उजळतो. एसयूव्ही हे त्या ओढीचं माप. रक्तातली साखर, इंजेक्शननंतर किती वेळाने स्कॅन केला, मशीन कुठलं, यांवर आकडा बदलतो. टीबीची गाठही लखलखते. उलट हळू वाढणारा अॅडिनोकार्सिनोमा (फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) फिका राहू शकतो. म्हणून निदानाला बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी, लागतेच.

आकडा निरर्थक मात्र नाही. अनेक अभ्यासांत जास्त एसयूव्ही असलेल्यांचा आजार सरासरीने अधिक आक्रमक दिसला आहे. पण सरासरी म्हणजे तुमचे बाबा नव्हेत! आजाराचा टप्पा, गाठीतल्या ईजीएफआरसारख्या जनुकांतले बदल, एकूण तब्येत, उपचारांना मिळणारा प्रतिसाद, हे सगळं धरूनच डॉक्टर अंदाज बांधतात. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत जाताना जुने स्कॅन आणि बायोप्सीचा रिपोर्टही सोबत न्या.